मुलगी मागायला आनेकलला

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमची मी असिस्टंट कोच. कोच सर ओरडतात, मी समजावते. कामाची वाटणी साधारण अशी. म्हणून शहराबाहेर आनेकल गावात राहणाऱ्या त्या मुलीच्या घरी जायची वेळ आली तेव्हा सरांनी मलाच पाठवलं. मुलगी बारावी झालेली. तिची उडी शाळांच्या मॅचमध्ये पाहिल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. कॉलेज खेळाच्या कोट्यातून तिला फी माफ करून घ्यायला तयार होतं. वडील मात्र नको म्हणत होते. चेंडूमागं पळून कुणाचं भलं झालंय, असं म्हणून त्यांनी तिला कारखान्यात लावायचं ठरवलं होतं. माणसं आमच्यासारखीच बेळगावकडची, मराठी बोलणारी. जे. पी. नगरहून मी निघाले, तर आई म्हणाली की मुलगी मागायला कुणी एकटं जातं काय, आणि साडी बदलून आली.

पोचलो तर खरंच पोहे केलेले. मुलगी ट्रे घेऊन आली, मान खाली. मैदानात दोघींना कोपरानं बाजूला सारणारी ती हीच, यावर माझाच विश्वास बसेना.

वडील फिटर. त्यांनी वरपक्षाची करावी तशी माझी चौकशी सुरू केली. शिक्षण? बी.कॉम., मी जरा मोठ्यानंच सांगितलं. माझे वडील ऑटो चालवायचे, आई ब्लाउज शिवते, आणि आमच्या घराण्यात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. हे मी कुठंही मोठ्यानंच सांगते. मग नोकरी. असिस्टंट म्हणजे वर कुणी मोठे साहेब आहेत तर. आहेत म्हटलं. मग ते का नाही आले? त्यांना मराठी येत नाही म्हटलं.

मग माझ्या खेळाची पाळी. मी खरं तेच सांगितलं. पहिलं वर्ष बाकावर बसून टाळ्या वाजवण्यात गेलं. पुढं टीममध्ये घेतलं ते रिबाउंडसाठी, म्हणजे दुसरीचा चेंडू रिंगला आपटून परत आला की झडप घालून तो पकडायचा. माझा स्वतःचा नेम बेताचाच.

"म्हणजे दुसऱ्यानं चुकवलेलं आपण निस्तरायचं," ते म्हणाले. "ते काम आमची ही घरात रोज करते की."

स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

माझ्या आईनं बशी खाली ठेवली. "अण्णा, पोरीचा खेळ बघितलाय काय तुम्ही?"

नव्हता. मॅचच्या वेळी नेमकी त्यांची शिफ्ट असायची.

"मीबी हिला नकोच म्हणत होते. एकदा जाऊन बघितलं आणि तोंड बंद झालं. आधी बघा, मग खुशाल नाही म्हणा."

सगळी वरात गच्चीवर गेली. रिंग कुठली असायला? वडील टाकीच्या कट्ट्यावर चढले आणि त्यांनी कपड्यांची बुट्टी, म्हणजे टोपली, हातात धरली. मुलीचा चेंडू आधी मॅडमनी टाकावा, असा त्यांचा आग्रह. मी टाकला. चेंडू बुट्टीच्या काठाला लागून त्यांच्या नाकाजवळून परत उडाला.

मी पाऊल उचलायच्या आत माझ्या मागून मुलगी गेली. ओढणी कमरेला कधी खोचली कळलंच नाही. उडी मारून तिनं चेंडू वरच्यावर पकडला, पाय टेकले न टेकले तोच पुन्हा उडाली, आणि चेंडू बुट्टीत.

वडील बुट्टीत बघत राहिले. मग त्यांनी चेंडू तिच्याकडे टाकला आणि बुट्टी डोक्यावर धरली. तिनं घातला. मग त्यांनी आयत्या वेळी ती डावीकडे सरकवली, जे कुठल्याच नियमात बसत नाही. तरी घातला. आता बापाला खेळ चढला होता. आई आणि मी कठड्याला टेकून उभ्या राहिलो.

शेवटी त्यांचे हात भरून आले तेव्हा ते खाली उतरले. सकाळची प्रॅक्टिस कितीला, पहिल्या बसनं ही वेळेत पोचेल काय, असं त्यांनी विचारलं. आईनं मला कोपर मारलं. पोचेल, मी म्हणाले.

"सरी, चालतंय," ते म्हणाले. "एकच अट. नेम शिकवायचं तेवढं मोठ्या साहेबांकडे द्या."