विमानाला बांधलेला नाडा

चहा आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगताना एकाच्या नाकातून चहा आला, आणि नेमका शर्ट पांढरा होता. असा गाढवपणा केलाय मी! आणि तोही गुपचूप नाही, अख्ख्या आभाळाला ऐकवून!

तर मी बारामतीत दाताचा डॉक्टर, मूळचा शेळगावचा. दिवसभर लोकांना "तोंड उघडा, अजून उघडा, आता मिटा" एवढंच सांगून पोट भरतो. पण लहानपणापासून डोक्यात विमान! शेवटी बेचाळिसाव्या वर्षी, बायकोनं कपाळाला हात लावला तरी, हौशी वैमानिकाच्या लायसन्ससाठी नाव घातलं. वर्गातली बाकी मुलं विशीतली. मला 'काका' म्हणायची.

उडणं जमलं हो! नडला तो रेडिओ.

तुम्हाला काय वाटतं, आभाळ मोकळं असतं? सकाळच्या वेळी आमच्या मैदानावर चार-चार शिकाऊ विमानं एकदम फिरत असतात. ती सगळी आणि टॉवरमधल्या गायत्री मॅडम एकाच लाइनवर. कोणी उतरायचं, कोणी थांबायचं, ते मॅडम सांगणार. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. एक जण बोलत असला की बाकीच्यांनी गप्प बसायचं. आणि मॅडम जे सांगतील ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, म्हणजे नीट ऐकलंय हे त्यांना कळतं. याला म्हणतात रीडबॅक. मी पहिल्याच दिवशी सवयीनं "व्हय, व्हय" म्हणालो. मॅडम रेडिओवर इंग्रजीशिवाय अक्षर काढायच्या नाहीत. थंड आवाजात म्हणाल्या, "व्हय व्हय इज नॉट अ रीडबॅक."

एवढं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

माझ्या पहिल्या एकट्या उड्डाणाचा दिवस उजाडला. शेजारी शिकवणारे शिर्के सर नाहीत, कोणी नाही, मी एकटा! आमचे आबा शेळगावहून सकाळच्या एसटीनं हजर. आबांनी माझं विमानाचं प्रकरण गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. पोरगा कुठं जातो म्हणून कोणी विचारलं तर सांगायचे, "क्लासला जातुय."

"येकटा वर जाऊन हातीपायी धड खाली ये," मला म्हणाले, "मग मी सोता पारावर बसून सांगतो सगळ्यांस्नी." आणि खिशातून लाल-पिवळा नाडा काढला. "गावदेवाचा हाय. हँडलला बांध. ट्रॅक्टरला बांधल्याबिगर आमी चाक हलवत न्हाय, हे तर इमान हाय!"

नाडा मी खिशात टाकला. शिर्के सरांनी आबांना ऑफिसात खुर्ची दिली आणि भिंतीवरचा स्पीकर मोठा केला. "बसा आबा, तुमच्या मुलाचं बोलणं सगळं इथं ऐकू येईल."

सगळं! हो ना, सगळंच आलं!

मी विमान रनवेच्या तोंडाशी आणलं. मॅडम म्हणाल्या, थांबा, वरून चार विमानं उतरायची आहेत. मी झकास रीडबॅक दिला आणि थांबलो. तेवढ्यात नाडा आठवला. काढला, हँडलच्या डाव्या टोकाला पाच वेढे दिले आणि गच्च गाठ मारली. आता हँडलच्या डाव्या टोकाला काय असतं? रेडिओचं बटण! ते नाड्याखाली असं दबलं की विचारू नका. पण मला पत्ता नाही. मला एवढंच जाणवलं की रेडिओ एकदम शांत झाला.

वाटलं, वा! देवाचा नाडा! बांधताच सगळीकडे शांतता!

घाबरलो की मला मोठ्यानं स्वतःशी बोलायची सवय आहे. लागलो बोलायला. "डॉक्टर, घाबरू नगा. दाढ काढण्यापरास सोपं हाय. मॅडम आज गप हायेत, येरवी नुसत्या मास्तरणीगत खेकसत्यात. शिर्के सर बी शेजारी न्हायत. बरं झालं, त्या माणसाच्या तोंडाला काय वास मारतुय! कवळी धुतुय का न्हाय कुणास ठाऊक!"

वर पाहिलं तर चारही विमानं गोल गोल फिरतायत, उतरायचं नाव नाही. "आज काय झालंय ह्यांस्नी? कुणीच बोलंना!"

अहो, बोलणार कसे? लाइन मी अडवून बसलोय! मॅडम ओरडून ओरडून थकल्या, पण माझं बटण दबलेलं, मला ऐकू काय येणार? शेवटी टॉवरमधून पांढरा दिवा उघडझाप करायला लागला. त्याचा अर्थ, मुकाट्यानं जागेवर परत जा. पाठ केलं होतं हो मी! पण त्या क्षणी वाटलं, पहिलं उड्डाण म्हणून सत्कार चाललाय. मी हात जोडून नमस्कार केला.

आणि मग ते बोललो.

"फकस्त ट्रॅक्टरसारखं करू नगंस, बाबा. आख्खा ट्रॅक्टर कालव्यात घातला हुतास. ब्रेक फेल म्हून सांगितलंस आबांस्नी. कशाचा फेल? वर इमान बघत बसला हुतास, लेका!"

आता हे ऐकायला हलकं वाटतं. पण त्या ब्रेकपायी आबांनी भीमराव मिस्त्रीशी पंधरा वर्षं बोलणं टाकलं होतं! ब्रेक त्यानंच बसवला होता ना! त्याआधी रोज संध्याकाळी दोघं एका बाकड्यावर बसायचे. आणि मी पंधरा वर्षं मिठाची गुळणी धरून होतो.

एवढ्यात समोर लांबवर शिर्के सर धावत आले. एका हातानं गळ्यावर सुरी फिरवतायत, दुसऱ्यानं तोंड मिटल्याची खूण करतायत. मला वाटलं, जीवच घेतात आज! मग आठवलं, गळ्यावर हात म्हणजे इंजिन बंद. केलं बंद. सर दार उघडून ओरडले, "डॉक्टर, तोंड मिटा!" आणि त्यांनी कात्रीनं नाडा कापला. मग तोंडावर हात धरूनच म्हणाले, "आणि मला कवळी नाहीये!"

ऑफिसात गेलो. आबा स्पीकरखाली बसलेले. वर बघेनात.

"ब्रेक लागत हुता?"

"व्हय, आबा."

"आन तू इमान बघत हुतास?"

"व्हय, आबा."

मला खरंच रडू आलं. आबांनी मोबाईल काढला. नंबर पाठ होता त्यांना! "भीमराव, मी बोलतुय. ब्रेक चांगला हुता रं तुझा. पोरगं खोटं बोललं, आन मी येडा, इस्वास ठिवला." पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे, पण आबा डोळे पुसत हसले. "येतो की. सांजच्याला येतो. च्या ठेव."

मग माझ्याकडे वळले. "जा आता. येकटाच जा. आन वर बघू नगंस, म्होरं बघ."

वरची विमानं उतरेपर्यंत मी पाणी प्यालो. शिर्के सरांनी मला पुन्हा एकदा तपासलं, खिसेसुद्धा. मग परत रनवेच्या तोंडाशी. हँडलवर काही नाही. बटण मोकळं. रेडिओ चालू. चारही विमानांतली पोरं ऑफिसात आबांशेजारी येऊन बसलेली.

मॅडमनी नेहमीच्या इंग्रजीत परवानगी दिली. आणि आजवर रेडिओवर मराठीचं अक्षर न काढलेल्या त्या बाई स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "डॉक्टर, कालवा डाव्या हाताला आहे. सांभाळून."

आता नियम म्हणजे नियम. 'व्हय, व्हय' चालत नाही. आबा ऐकतायत, सर ऐकतायत, पोरं ऐकतायत. मी बटण दाबलं.

"कालवा डाव्या हाताला आहे. सांभाळतो."

"रीडबॅक करेक्ट," मॅडम म्हणाल्या. "आता बटण सोडा."