टीव्हीवरचा मेंदू

हसायचं तर खुशाल हसा, पण आधीच सांगून ठेवते, मला या गोष्टीचा अजून राग येतो. कुणाचा म्हणाल, तर नवऱ्याचा, जावेचा, अमेरिकेतल्या त्या मशीनचा, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. बी.एस्सी. पहिल्या वर्गात पास झालेल्या बाईनं इतका गाढवपणा करावा?

लग्नाला जेमतेम महिना झाला आणि हे अमेरिकेला गेले, मेंदूवर संशोधन करायला. मी राहात्याला, सासरी. पेरूची बाग, सासूबाई, थोरले दीर आणि जाऊबाई. माझी कागदपत्रं आली की मीही जाणार होते. कागदपत्रं येईनात. पत्रही येईना.

"इसरलं वाटतं भावजी तुला," जाऊबाई पेरू निवडता निवडता म्हणायच्या. रोज! पिकलेले इकडे, कच्चे तिकडे, आणि मधे मी. "म्हैन्याभराच्या बायकूची काय आठवन ऱ्हाती?"

नवी सून ना, मी मुकाट पेरू पुसायची! आतल्या आत मात्र नुसती फणफण.

एकदाचं पत्र आलं. आमच्याकडे पत्र म्हणजे सगळ्या घराचं. नव्या सुनेनं ओसरीवर बसून ते सगळ्यांना वाचून दाखवायचं. "तुझी आठवण येते" हेसुद्धा थोरल्या दिरांसमोर!

पत्रात दोन रंगीत फोटो होते. यांच्याच मेंदूचे! प्रयोगाला धडधाकट माणसं हवी होती, म्हणून हे स्वतःच मशीनमध्ये जाऊन झोपले. लिहिलं होतं, "पहिला फोटो नुसता पडून होतो तेव्हाचा. तेव्हा तुझीच आठवण काढत होतो. दुसरा, तरतरी आणणारं औषध टोचल्यानंतरचा. त्या औषधानं मेंदूत डोपामाइन सुटतं, म्हणजे माणसाला हुरूप आणणारं रसायन. किती सुटलं ते या फोटोंवरून कळतं."

पहिल्या फोटोत मेंदूच्या मधोमध दोन लालभडक ठिपके. दुसऱ्यात तेच ठिपके फिके.

झालं! माझ्यातली बी.एस्सी. उसळून वर आली. लग्नानंतर पहिल्यांदाच मी आवाज चढवला.

"बघा जाऊबाई! लाल म्हणजे डोपामाइन. माझ्या नुसत्या आठवणीनं एवढं, आणि अमेरिकेच्या औषधानं एवढुस्सं!"

जाऊबाईंनी फोटो उलटा धरला, सुलटा धरला. "ह्यो मेंदू व्हय? मला वाटलं लाल पेरू कापलाय."

सासूबाई मात्र हरखल्या. पहिला फोटो फ्रेम होऊन टीव्हीवर गेला. आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या पोराचा मेंदू. सुनंची आठवन झाली की पेटतो." हळदीकुंकवाला बायका रांगेनं बघून गेल्या. शेजारच्या काकूंनी तर विचारलं, "आमच्या ह्यांचा काढून मिळंल का? लई वर्सं झाली, एकदा बघून घेते." आणि मी मास्तरणीसारखी एकेकीला ठिपके समजावत होते. हातात छडी नव्हती एवढंच!

पुढच्या रविवारी सकाळी यांचा फोन चौकातल्या एसटीडी बूथवर येणार होता. सगळेच गेलो. माझी पाळी शेवटची. लाइन इतकी खराब की ओरडल्याशिवाय काही पोचेना.

"फोटो फ्रेम केलाय! दुसरा फिका आला म्हणून मनाला लावून घेऊ नका!"

पलीकडे हे हसले. हसले हो!

"अगं, उलटं आहे ते. लाल रंग डोपामाइनचा नाही, आम्ही टोचलेल्या दुसऱ्याच द्रव्याचा. डोपामाइनच्या जागा रिकाम्या असल्या की ते तिथे बसतं. डोपामाइन सुटलं की याला उठावं लागतं. म्हणून फोटो फिका."

"काय? नीट सांगा!"

"एसटीच्या सीटा समज! लाल म्हणजे रिकाम्या!"

"म्हणजे औषध टोचल्यावर गाडी भरली?"

"हो!"

"आणि माझी आठवण काढत होता तेव्हा गाडी रिकामी?"

"अगं, पहिला फोटो सगळ्यांचाच तसा येतो. आठवणीबिठवणीचं त्यात काही दिसत नाही."

"अख्खी गाडी रिकामी? माझ्या आठवणीनं एक सीट भरली नाही? काढत तरी होता का आठवण?"

"काढत होतो गं. मग जरा डोळा लागला."

डोळा लागला! मी फोन आदळला. कपाळ पुसलं, पदर सारखा केला आणि ठरवून टाकलं, घरात अवाक्षर काढायचं नाही. लाल म्हणजे डोपामाइन, विषय संपला. राहात्यात कुणाला कळणार आहे?

हसरा चेहरा करून वळले, तर बूथचं दार सताड उघडं. घाईत लावायचंच राहिलं होतं. सासूबाई चपलांकडे बघत होत्या. समोरच्या टपरीवरचे लोक कप तोंडाजवळ धरून तसेच थांबलेले.

"काही नाही," मी म्हटलं, "फोटो छान आलाय म्हणाले."

जाऊबाईंनी माझा हात धरला. पहिल्यांदाच, आणि तोही मायेनं.

"चल बाई घरी. पार स्टँडापातुर आवाज गेला तुझा. दोघं जन पिशव्या घिऊन पळत आलं, कुठली गाडी रिकामी हाय म्हनून!"