चिप्समध्ये आहे

पातेल्यावरचं झाकण तो कधी पूर्ण उघडायचा नाही. अंगठ्याने एका बाजूने बोटभर उचलायचा, मान जरा वाकवून आत बघायचा, आवाज न करता झाकण खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "पास." मग पुढचं पातेलं. इकडे परदेशात, चँडलर गावच्या आमच्या मराठी मंडळींच्या पॉटलकला, म्हणजे घरटी एक पदार्थ आणायच्या जेवणाला, पंचवीस-तीस पातेली असतात. सगळ्यांची अशी तपासणी करून तो शेवटी दोनच पदार्थ घ्यायचा. ज्या बाईच्या वांग्यावर झाकण परत पडायचं तिला राग यायचा. एकदा ती बाई मीच होते, म्हणून खात्रीने सांगते.

पॉटलकची यादी माझ्याकडे असते. कोण काय आणणार, किती जणांपुरतं, कोणाला शेंगदाणा चालत नाही, खुर्च्या कोणाच्या गाडीतून येणार. त्याच फाइलमध्ये सगळ्यांचे फोन आणि कामधंदा. तो आमच्या गल्लीत तीन घरं सोडून राहायला आला तेव्हा मी रीतीप्रमाणे विचारलं, काय करतोस? तो म्हणाला, "चिप्समध्ये आहे."

आता आमच्या गावात कॉम्प्युटरच्या चिप्सचे कारखानेच कारखाने; दगड भिरकावला तर तो चिप्सवाल्यालाच लागायचा. माझा नवरा चिप्समध्ये, शेजारीण चिप्समध्ये. मी पुढे एक अक्षर न विचारता रकान्यात 'सेमीकंडक्टर' लिहिलं, आणि ते तीन वर्षं तसंच राहिलं. तुम्ही असता तर तुम्हीही तेच लिहिलं असतं.

खरं तर बघणाऱ्याला दिसत होतं. सोमवारी सकाळी अकरा वाजता तो निवांत कचऱ्याचा डबा धूत असायचा आणि शनिवार-रविवारी कधीच मोकळा नसायचा. निघताना एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या बगलेत बसायची चपटी उशी. शिफ्ट ड्यूटी असेल, असं मी ठरवून टाकलं होतं.

मग एका ओळखीच्या बाईंना चिप्सच्या कारखान्यात नोकरी हवी होती, म्हणून त्यांचा बायोडेटा घेऊन मी त्याच्या दारात गेले. त्याने दोन्ही पानं उभ्या उभ्या नीट वाचली, मला परत दिली आणि म्हणाला, "ताई, माझ्या चिप्स गोल असतात."

पत्त्यांच्या टेबलावर पैशांऐवजी लावतात त्या चकत्या, हे मला कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर मी विचारलं, "म्हणजे जुगार?"

"जुगारच," तो म्हणाला. "चहा घेणार?"

चहा घेताना त्याने सगळं सांगितलं. पूर्वी तो खरोखर इंजिनिअर होता. कंपनीने माणसं कमी केली, त्यात त्याचं नाव आलं, आणि दुसरी नोकरी मिळेपर्यंत म्हणून पोकरच्या स्पर्धा खेळायला लागला तो तिथेच राहिला. लोकांना वाटतं तसं काही नसतं, म्हणाला. दहा-बारा तास एका खुर्चीत बसायचं. आलेली पानं बघायची, बहुतेक वेळा टाकून द्यायची, आणि बहुतेक दिवशी हात हलवत घरी यायचं. एखाद्या दिवशी मिळतं, त्यावर पुढचे कित्येक महिने काढायचे. मोठ्या स्पर्धेची फी एकट्याला झेपत नाही, म्हणून खेळाडू एकमेकांत वाटे घेतात. जिंकलं तरी सगळं आपलं नसतं. पगाराची स्लिप नाही म्हणून घरमालक नाक मुरडतो. पाठ दुखते, म्हणून उशी.

त्याने एक वहीही दाखवली. वह्यांमधलं मला कळतं. तीनच रकाने होते: तारीख, टेबल, चूक. जिंकलेल्या दिवसापुढेही चूक होतीच. 'भूक लागली असताना खेळलो.' 'समोरच्याचा राग आला, तो त्याला दिसला.' 'पानं सुंदर होती, म्हणून सोडवली नाहीत.' इतकी प्रामाणिक यादी मी स्वतःसुद्धा कधी केलेली नाही. त्या दिवशी वांग्याचा राग गेला.

फक्त एक विनंती त्याने केली. मिरजेहून त्याचे वडील दोन महिन्यांसाठी यायचे होते. अण्णा निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या धाकट्या भावाने तीनपत्तीत चालतं दुकान घालवलं होतं आणि त्याची बायको-मुलं अण्णांनी सांभाळली होती. त्या घरात बदाम सातसुद्धा खेळलं जात नसे. मुलगा चिप्समध्ये आहे, एवढंच त्यांना माहीत होतं.

"तुमच्या यादीत आहे तसंच राहू दे, ताई. त्यांना कळलं तर ते परत माझ्या घरी येणार नाहीत."

चुकीची नोंद मला खपत नाही. पण ती मी तशीच ठेवली.

अण्णा आले. ताठ, स्वच्छ, कमी बोलणारे. मुलगा रोज जुन्या कंपनीच्या ओळखपत्राची पट्टी गळ्यात अडकवून निघायचा, आणि मी अण्णांना कधी लायब्ररीत, कधी भाजीला घेऊन जायचे. एके दिवशी ते गाडीत बसले आणि म्हणाले, आज त्याची कंपनी दाखवा. मी त्यांना कारखान्यांच्या रस्त्याला नेलं. लांबलचक कुंपण, पलीकडे खिडक्या नसलेल्या इमारती. अण्णांनी काच खाली केली.

"तो कोणत्या गेटने आत जातो?"

मी गाडी बाजूला घेतली, बाहेर उतरून त्याला फोन लावला आणि सांगितलं, मी गेट दाखवणार नाही. तू आज सांग, नाहीतर उद्यापासून मी त्यांना फिरवायला येत नाही. तो म्हणाला, "आणा त्यांना इकडे."

दुपारी दोन वाजता तो खेळत होता त्या कॅसिनोच्या मोठ्या हॉलमध्ये आम्ही पोचलो. बघणाऱ्यांसाठी एक दोरी बांधलेली होती. तिच्या पलीकडे, अगदी जवळच्या दुसऱ्या टेबलावर, तो उशीवर बसला होता. गळ्यात पट्टी नव्हती. पुढ्यात गोल चिप्सच्या दोन चळती. त्याने अण्णांकडे पाहिलं, मान लववली आणि परत खेळाकडे वळला.

मला वाटलं, अण्णा आता पाठ फिरवतील. त्यांनी दोरी धरली आणि उभे राहिले. मी खुर्ची आणली तर बसले नाहीत. तास गेला, दुसरा गेला. तो अंगठ्याने पानांचा कोपरा बोटभर उचलायचा, बघायचा, पुढे सरकवून द्यायचा. मला एकदम आमची पातेली आठवली.

"दर वेळी टाकूनच देतोय," अण्णा म्हणाले.

मी म्हटलं, बहुतेक तेच काम असतं.

त्यांनी आणखी दोन डाव पाहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या भावाला एक पान टाकता आलं नाही कधी."

चारच्या सुमारास त्याने सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या, शेवटचं पान उघडलं आणि तो हरला. शेजाऱ्याशी हात मिळवला, उशी उचलली आणि दोरीपाशी आला.

"आज काय मिळालं?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही."

"उद्या?"

"उद्या परत यायचं, अण्णा."

"मला हे पटलेलं नाही," अण्णा म्हणाले. "कधी पटणारही नाही. डब्याला पोळ्या मी लाटून देईन. तुझ्या कच्च्या असतात."

गणपतीच्या पॉटलकला आमच्यातल्या एकांनी अण्णांना विचारलं, काका, मुलगा काय करतो? मी चमचे मोजत होते, ते थांबवले. आयुष्यभर मुलांना खोटं बोलण्याबद्दल छड्या मारलेला तो माणूस शांतपणे म्हणाला, "चिप्समध्ये आहे." आणि मग माझ्याकडे बघून, "तुमच्या यादीत आहे ना तसं?"

घरी आल्यावर मी 'सेमीकंडक्टर' खोडून 'चिप्स' लिहिलं. नोंद बरोबर झाली.

पुढच्या वर्षी अण्णा मिरजेला न्हाणीघरात पडले. कंबरेचं हाड मोडलं. तो भाड्याचं घर सोडून तिकडे गेला, उशी माझ्या गॅरेजमध्ये ठेवून. परत कधी येणार ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. यादीत त्याची ओळ आहे. परवाच्या पॉटलकला एका पातेल्याचं झाकण जरासं वर उचललेलं दिसलं, म्हणून मी वळून पाहिलं. आत पळी अडकली होती.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. अण्णांना खाटेवर वेळ जात नाही, म्हणून त्यांनीच पत्ते आणायला लावले. रोज दुपारी बदाम सात खेळतात.

"कसे खेळतात?" मी विचारलं.

"लबाडी करतात," तो म्हणाला. "पान हातात असतं, तरी पास म्हणतात."

"मग तू काय करतोस?"

"मी त्यांच्या पानांकडे बघतच नाही, ताई."