सोवळ्यातला गिअरबॉक्स

काशीत लोक मरायला येतात. माझे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, इथेच जन्मले आणि एका गिअरबॉक्सला मरू न देण्यात खर्ची पडले. इतकी काळजी त्यांनी देवाचीही घेतली नाही. देव आपलं बघून घेतो, असं त्यांचं मत होतं.

नव्वदीच्या सुरुवातीला कुणी परदेशी भक्त ब्रह्मा घाटावरच्या आमच्या धर्मशाळेला आपली जुनी व्हॅन देऊन गेला. तिचे गिअर आपोआप बदलत. तसा दुसरा गिअरबॉक्स अख्ख्या बनारसात नव्हता. व्यवस्थापकांनी बजावलं होतं, "धक्के देऊ लागला की गाडी भंगारात." ती गाडी आतोबाच चालवत. त्यांनी गिअरचं तेल सरळ सोवळ्यात घेतलं. पारोशानं हात लावायचा नाही. तेल मोजायची पट्टी पुसायचं फडकं ते स्वतः धूत आणि उंच काठीवर वाळत घालत. आत्या कडाडायची, "माझं सोवळ्याचं लुगडं आणि तुमच्या गाडीचं फडकं शेजारी शेजारी?" "खरंय, लुगड्याचा धागा तेलात गेला तर?" इंजिन चालू ठेवून ते पट्टी काढत, रंग बघत, तूप कढवताना घ्यावा तसा वास घेत. तेल लाल असलं तर ठीक. करपट वास आला की लगेच बदलायचं. मैदागिनचा मिस्त्री पान चघळत विचारायचा, "पंडितजी, तेल है कि चरणामृत?" आतोबा म्हणत, "पहले बताओ, नहाये हो?" खंडेनवमीला आत्या गंगाजल शिंपडायला आली, तर त्यांनी तेलाचं तोंड तळहातानं झाकलं. "गंगा सगळ्यांना तारते. यात थेंब पडला तर हा मात्र बुडेल." साताऱ्याच्या एका बाईंनी गंगाजलाचे अकरा हंडे गाडीत चढवले तेव्हा म्हणाले, "काकू, पितर तरतील, पण एवढ्या ओझ्यानं तेल जळेल." सहा हंडे सायकलरिक्षानं स्टेशनला गेले.

मला गाडी शिकवली तीही आचमनासकट. मागे घेतलेली गाडी पुढे न्यायची तर आधी पूर्ण थांबवायची, ब्रेकवर पाय ठेवून केशव, नारायण, माधव म्हणायचं आणि मगच गिअरचा दांडा सरकवायचा. गोदौलियाच्या गर्दीत मागचे रिक्षावाले त्यांचं कूळ उद्धरत. आतोबा माधवापर्यंत पोचल्याशिवाय हलत नसत.

गेल्या माघात ते गेले. सुतकात त्यांच्याच नियमानं तेलाला कुणी हात लावला नाही. "उभ्या उभ्या बिघडली असेल. एकदा चालवून बघू, नाहीतर विकू," व्यवस्थापक म्हणाले. तेरावा झाल्यावर मी आंघोळ करून निघालो, तर आत्यानं हाक मारली. आपल्या लुगड्याशेजारचं फडकं तिनं काठीनं काढलं आणि माझ्या हातात दिलं. तिनंच धुतलं होतं. अजून ओलसर होतं.

"वाळू दे जरा," ती म्हणाली. "पाणी चालत नाही त्याला."

तेल लालच निघालं. मी गाडी मागे घेतली आणि थांबवली. शेजारी बसलेले व्यवस्थापक म्हणाले, "आता काय झालं?"

केशव. नारायण. माधवापाशी अडखळलो, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग दांडा सरकवला.

धक्का बसला नाही.