पाटणकरकाकांनी दिलेल्या गोळ्या

श्यामकांत पाटणकर हा माणूस सुरुवातीला मला अजिबात आवडला नव्हता. बालीगंज या बंगाली वस्तीतल्या एका औषधांच्या दुकानात ते फार्मासिस्ट होते आणि १९७१ साली मी तिथं बिलं लिहायला लागले. झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी आली की हे गिऱ्हाइकाला बसवून ठेवायचे आणि डॉक्टरांना फोन करायचे. फोन बंद असला, आणि तो बहुतेकदा असायचाच, की पायी दवाखान्यात जाऊन विचारून यायचे. गिऱ्हाइकं माझ्यावर खेकसायची आणि मी मनातल्या मनात काकांवर.

एकदाच ते गेले नाहीत. झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन एक बाई आल्या. आम्हाला मराठीत बोलताना ऐकून म्हणाल्या, "अगं बाई, इथं आपली माणसं!" काका विरघळलेच. गाव कुठलं, यजमानांची बदली कधी झाली, पोळ्यांना चांगला गहू कुठं मिळतो, अशा गप्पा रंगल्या. बोलता बोलता काकांनी कुलपातल्या कपाटातून गोळ्या काढून दिल्या आणि मी बिल लिहिलं. चिठ्ठी खोटी होती. डॉक्टरांचे कोरे कागद कुणीतरी चोरले होते. महिन्याभरात औषध खात्याचे इन्स्पेक्टर आले आणि मालकासकट आम्हा दोघांवर खटला झाला.

मालकाच्या वकिलानं सरळ सांगितलं, "माहीत नव्हतं" ही सबब या कायद्यात चालत नाही आणि नोकर म्हणून कुणाला सूटही नाही. मग काकांना आतल्या खोलीत नेऊन त्यांना वाट दाखवली. "मी जेवायला गेलो होतो, असं म्हणा. बिल पोरीच्याच हातचं आहे." मधे नुसती फळी होती, मला सगळं ऐकू आलं. काकांचं उत्तर तेवढं ऐकू आलं नाही. आता तुरुंगात मीच जाणार, असं मी धरून चालले. तारखेपर्यंत मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

कोर्टात काका बंगालीत म्हणाले, "कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. गोळ्या मी दिल्या. या पोरीनं, शकुननं, मी सांगितलं तेवढं लिहिलं."

चिठ्ठी खोटी आहे हे ठाऊक होतं का, असं मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

"नाही. पण ठाऊक करून घेणं हेच माझं काम होतं. बाई माझी भाषा बोलल्या म्हणून मी ते केलं नाही."

मी सुटले. काकांना दंड झाला, कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा झाली आणि पुढं फार्मासिस्टांच्या सरकारी यादीतून त्यांचं नावही काढून टाकलं गेलं. चोपन्नाव्या वर्षी हातातलं काम गेलं.

त्या संध्याकाळी कोर्टाबाहेर मी रडत त्यांच्या पाया पडायला वाकले, तर माझ्यावरच डाफरले, "पाया कसली पडतेस? त्या गोळ्या कुणाच्या पोटात गेल्या, ते अजून कळलेलं नाही."

मी तर त्या बाईंना केव्हाच विसरून गेले होते.