पावसाला बोल न लावणाऱ्या काकू

मुंबईचा पाऊस चार-चार दिवस हटायचा नाही, आणि आमच्या अख्ख्या मजल्यावर त्याला शिव्या न देणारं एकच माणूस होतं, वडनेरच्या काकू. माहेर-सासर दोन्ही वडनेर भोलजीचं, म्हणून हे नाव. पावसाला कुणी 'मेला' म्हटलं की हातातलं काम सोडून म्हणायच्या, "त्याले काई बोलू नको वं. ऐकते तो." आता काकू नाहीत. पण पाऊस लागला की अजूनही मला शेजारच्या दाराकडे बघावंसं वाटतं, आणि तिथं त्या नसतात.

मी शेगावची, लग्न होऊन नुकतीच आलेली. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आईनं डबाभर कुरडया दिल्या होत्या. आमच्याकडे दोन सरी पडल्या की चांगलं ऊन पडतं, त्याच हिशेबानं मी शहाणीनं भर जुलैत ऊन दिसलं म्हणून त्या गॅलरीत पसरल्या आणि खाली पाणी भरायला गेले. वर येईतो त्यांचा पुन्हा चीक झाला होता. मी तिथंच फतकल मारून रडायला बसले. काकूंनी तो चीक पातेल्यात गोळा केला, मिरची टाकून शिजवला आणि मलाच खाऊ घातला. इथं उन्हावर भरोसा ठेवायचा नाही, शेगडीवर ठेवायचा, असं बजावलं. शेगडीवर पालथी टोपली घालून कपडे वाळवायला आणि काड्यापेटी तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवायला मी त्यांच्याकडूनच शिकले.

दुपारची भांडी झाली की त्या ढग बघत उभ्या राहायच्या. समुद्राकडून आलेले ढग पूर्वेला सरकले की खूश. "निंघाले आपल्याकडं," म्हणायच्या, पाहुण्यांना गाडीत बसवून दिल्यासारखं. ते घाटातच उतरतील, असं मी चिडवायची. गावाकडे त्यांची म्हातारी आई आणि भाऊ होते, चार एकर कोरडवाहू होतं. मलाही मग ढगांबरोबर शेगावला जावंसं वाटायचं.

पुढच्या वर्षी ऐन पावसात तार आली, आई अत्यवस्थ. तीन दिवस मुंबई तुंबलेली, आमच्याकडची एकही गाडी सुटेना. काकू रोज पिशवी घेऊन काकांबरोबर गुडघाभर पाण्यातून स्टेशनवर जायच्या आणि चिंब होऊन परत यायच्या. तिसऱ्या दिवशी मीच भडकले. म्हटलं, काकू, एकदा तरी म्हणा त्याला थांब म्हणून, आई आहे तुमची.

काकू पदर पिळत होत्या. "कशी म्हणू वं? तिकडं पेरून बसले लोकं. मी इथं नको म्हटलं अन् तो तिकडंबी रुसला तं?"

मला त्यांचा भयंकर राग आला. त्या रागाची आजही लाज वाटते.

चौथ्या दिवशी गाडी मिळाली. काकू पोचल्या तेव्हा आईला नेऊन एक दिवस झाला होता.

तेरावं आटोपून त्या परतल्या. मी चहा घेऊन गेले. मग त्यांनीच सांगितलं. गावात पेरण्या झाल्या होत्या आणि पावसानं दडी मारली होती. मुंबईत पाण्यानं गाड्या बंद आहेत, ताई अडकली आहे, असं भावानं आईच्या कानात सांगितलं.

"मायनं डोये उघडले म्हने. मले नाई विचारलं. म्हने, एवढा पडून राह्यला का तिकडं? मंग येईन तो आपल्याकडं."

सांगताना काकू हसल्या, आणि हसता हसताच त्यांना रडू फुटलं. मीही रडले. चहा तसाच गार झाला.

डोळे पुसून मी विचारलं, मग आला का?

"आला ना. दहाव्याले आला. नदीवर पिंड मांडले अन् लागला पडायले. आम्ही समदे भिजत उभे होतो. कोनीच आडोशाले गेलं नाई."