नवरात्रात बंद केलेल्या गोळ्या

बाळांनो, गेल्या रविवारी फोनवर धाकटीनं विचारलं, "आजी, तू रागावलीस का? बोलतच नाहीस." मी नुसती मान हलवली आणि फोन तुमच्या आजोबांच्या हातात दिला. ते बरं केलं नाही. तोंडानं सांगणं होत नाही, म्हणून लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी हिरडीला जखम झाली. भाकरीची कड लागली असेल, असं वाटलं. मग गालांच्या आत फोड आले, फुटले, कातडी सोलल्यासारखी झाली. तेव्हा वाटूरहून माझ्या धाकट्या जाऊबाई आल्या होत्या. "ताई, उष्णता हाय ही. जाईचा पाला चावा," त्या म्हणाल्या आणि वर, "का चोरून मिश्री लावून राह्यल्या?" मी हसले, तर ओठ फुटून पदराला रक्त लागलं.

तीन महिने पाला चावला. पाणीसुद्धा गिळवेना, तेव्हा मोठ्या दवाखान्यात गेलो. गालाचा तुकडा काढून तपासला. पेम्फिगस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जंतूंशी लढणारी शरीराची शक्ती तुमच्याच कातडीवर उलटली आहे. हा रोग दुसऱ्याला लागत नाही, पण औषध वर्षानुवर्षं घ्यावं लागेल. गोळी रोज, नाश्ता झाल्यावर."

मी वहीत रोज खूण करत होते. पाच महिन्यांत तोंडातल्या जखमा भरून आल्या. मग नवरात्र आलं. नऊ दिवसांचा उपास मी कधी मोडलेला नव्हता, आणि गोळी उपाशीपोटी चालत नव्हती. खोक्यातला इंग्रजी कागद मी वाचला होता. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, या ओळींखाली पेन्सिलीनं रेघाही मारल्या होत्या. गोळी एकदम बंद करू नये, ही ओळही वाचली होती. ती निष्काळजी लोकांसाठी आहे असं मी ठरवलं.

"एकदा डॉक्टरला विचारू," आजोबा म्हणाले.

"नऊ दिवसांत काय होतंय? तुम्ही गप्प बसा."

सातव्या माळेला घटासमोरच चक्कर येऊन पडले. फोड परतले, या वेळी घशापर्यंत. आता गोळ्या दुप्पट आहेत. ठेचा गेला, गरम चहा गेला. थोडं बोललं की घसा सोलतो आणि आवाज बसतो. तो परत येईल का, ते डॉक्टरीणबाईही सांगत नाहीत.

राग नाही, बाळांनो. दुधात कुस्करलेली भाकरी गिळता येते. दिवसाला पाच-सहा वाक्यं बोलता येतात. आता रविवारी तुमचा फोन येईपर्यंत मी ती कुणाशी बोलणार नाही.